'लेडी व्हेंजन्स' बघताना नजर कुठे ठेवायची

पार्क चान-वूकचा 'लेडी व्हेंजन्स' (2005) बघायला बसणाऱ्याला मी आधीच सांगून टाकते की सूड पुरा होतो. त्यामुळे 'आता तो सापडतो का, आता ती मारते का' या धाकधुकीत दोन तास घालवू नका. या सिनेमात बघायचं ते हे, की कोण कोणापुढे काय धरतं आणि समोरचा ते घेतो की नाकारतो. टोफूची (सोयाबीनच्या दुधाच्या पनीराची) बशी, केक, कापलेलं बोट, पैशांचं पाकीट, बँकेच्या खात्याचा नंबर. देवाधर्माचं जे काही या सिनेमात आहे ते या देण्याघेण्यात आहे. ते एकदा पकडलं की त्यातली हिंसासुद्धा निराळी दिसायला लागते.

मी चित्रकला शिकवते. मोठ्या माणसांच्या वर्गात रंग आणि रचना समजावताना हा सिनेमा थांबवत थांबवत दाखवते, म्हणून इथे जे लिहिते आहे ते बरंचसं डोळ्यांच्या बाजूने आलेलं आहे. कथा मी सगळी उघड करणार आहे. ज्यांना आधी काहीच कळायला नको असेल त्यांनी सिनेमा बघून मग इकडे यावं. पण माझं मत विचाराल तर या एका सिनेमाच्या बाबतीत शेवट आधी माहीत असणं चांगलं. शेवटच्या तासाभरात जे येतं ते बेसावध माणसावर इतकं आदळतं की मग काहीच बघून होत नाही.

बसण्याआधी

हा प्रौढांसाठीचा सिनेमा आहे. त्यात लहान मुलांची अपहरणं आणि खून आहेत, आणि खुन्याने केलेलं त्यांचं चित्रीकरण त्या मुलांचे आईबाप टीव्हीवर बघतात असा एक लांबलचक प्रसंग आहे. घरात नुकतंच मूल गेलेलं असेल, किंवा स्वतःच्या मनाची स्थिती नाजूक असेल, तर हा सिनेमा आत्ता बघू नका. तो कुठे पळून जात नाही. बाकीच्यांनी हा प्रसंग उत्तरार्धात, रिकाम्या शाळेत येतो एवढं ध्यानात ठेवावं. त्याच्या आधी थांबून पाणी पिऊन यायला काहीच हरकत नाही.

मूळ कोरियन आवाजातच बघा, सबटायटल लावून. निवेदन करणाऱ्या बाईचा आवाज, नायिका गुम-जाचा सपाट स्वर आणि एका प्रसंगात कोरियन आणि इंग्रजी यांच्यामध्ये होणारं भाषांतर, हे तिन्ही डबिंगमध्ये वाया जातं.

टीव्हीचं चित्र जरा नीट लावून घ्या. बहुतेक टीव्हींवर रंग भडक करणारा मोड आधीपासून चालू असतो. तो बंद करून 'सिनेमा' नावाचा मोड लावा. या सिनेमात पांढऱ्याच्या किती तरी जाती आहेत: बर्फाचा पांढरा, टोफूचा किंचित पिवळसर पांढरा, पिठाचा, कातडीचा. भडक मोडमध्ये हे सगळे एकसारखे चुन्यासारखे दिसतात आणि लाल नुसता किंचाळतो. खोलीतला दिवा मालवा. कारण उत्तरार्धातली दृश्यं मुद्दाम काळोखी ठेवलेली आहेत.

या सिनेमाच्या दोन आवृत्त्या आहेत. एक नेहमीची रंगीत. दुसरीत रंग हळूहळू उतरत जातात आणि शेवटाकडे चित्र पूर्ण कृष्णधवल होतं. पहिल्यांदा रंगीतच बघा. लाल रंग कुठे कुठे होता ते माहीत असल्याशिवाय तो गेल्याचं दुःख कळणार नाही.

एवढी माहिती पुरे

ली गुम-जा शाळकरी वयात गरोदर राहते आणि बेक नावाच्या शिक्षकाकडे आसरा मागते. बेक वोन-मो नावाच्या लहान मुलाला पळवतो आणि मारतो. पळवण्यात गुम-जाचा हात असतो, मारण्यात नसतो. पण तिची तान्ही मुलगी बेकच्या ताब्यात असल्यामुळे खुनाचा आळ ती स्वतःवर घेते. 13 वर्षं तुरुंगात काढते, तिथे सर्वांना 'देवमाणूस' वाटते, आणि सुटते ती बेकचा हिशेब चुकता करायला. गुम-जा झाली आहे ली यंग-ए, बेक झाला आहे चोई मिन-सिक.

कोरियात तुरुंगातून सुटलेल्या माणसाला पांढरा टोफू खायला देतात. पुढचं आयुष्य त्या टोफूसारखं स्वच्छ जगावं, हा त्यामागचा हेतू. दुसरी गोष्ट, दक्षिण कोरियाच्या कायद्यात फाशी आहे, पण डिसेंबर 1997 नंतर एकही फाशी झालेली नाही. शाळेतल्या प्रसंगात आईबाप जी चर्चा करतात तिच्या मागे ही वस्तुस्थिती उभी आहे. तिसरी गोष्ट दिग्दर्शकाबद्दल. पार्क चान-वूक कॅथलिक घरात वाढला आणि जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाने काढलेल्या सोगांग विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकला. पाप, कबुली, प्रायश्चित्त, तारण ही त्याच्यासाठी सजावट नाही. त्याने हे आतून बघितलेलं आहे, आणि म्हणूनच तो त्याच्याशी इतका कठोर वागतो.

पहिला धडा टोफूच्या बशीचा

सुरुवातीच्या नामावलीतच पांढऱ्या कातडीवर काळ्या वेली उमटत जातात आणि लालाचे थेंब पडतात. संगीत बरोकच्या, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपच्या वळणाचं, हार्प्सिकॉर्ड या पियानोच्या पूर्वजाचं टोकदार वाजणं. मग तुरुंगाचं दार. थंडीचे दिवस, सांताक्लॉजच्या वेशातली गाणारी मंडळी, आणि त्यांच्यापुढे एक धर्मप्रचारक बशीत टोफूचा पांढराशुभ्र ठोकळा घेऊन उभा.

इथे सिनेमा थांबवा. आधी कपडे बघा. तो सगळा घोळका लाल-पांढरा, उबदार, उत्सवी. गुम-जा पातळ उन्हाळी कपड्यांत आहे, ज्या ऋतूत आत गेली त्याच कपड्यांत बाहेर आलेली. तिच्या अंगावर काय आहे याचा विचार स्वागताला आलेल्या एकानेही केलेला नाही. तिच्यासाठी कोट आणलेला नाही, टोफू आणलाय. नंतर हात बघा. त्याचे दोन्ही हात बशीखाली आहेत, वेदीवर काही ठेवताना असतात तसे. ती एका हाताने बशी कलती करते आणि ठोकळा जमिनीवर पडतो. ती रागावलेली नाही. 'तुमचं तुम्ही बघा' अशा अर्थाचं एक वाक्य बोलते आणि चालू लागते.

पुष्कळ लोक इथे हसतात. हसणं साहजिक आहे, पण ही कृती नोंदवून ठेवा. दुसऱ्याने हातात ठेवलेलं शुद्धपण तिने नाकारलं. पुढचा सगळा सिनेमा या एका प्रश्नावर चालतो: मग ते तिला कुठून मिळणार?

या प्रचारकाचं पुढे काय होतं तेही बघा. तो बेककडून पैसे घेऊन गुम-जाची खबर पुरवतो. बशी धरणारे हात आणि पाकीट घेणारे हात एकाच माणसाचे आहेत. दिग्दर्शक त्यावर एक शब्दही बोलत नाही.

प्रभावळ कोणाला दिसते

तुरुंगात गुम-जा प्रार्थना करत असताना तिच्या चेहऱ्यातून उजेड फाकतो. खराखुरा, डोळ्यांना दिसणारा उजेड. संतांच्या चित्रांत डोक्यामागे प्रभावळ काढतात तोच हा प्रकार. माझ्या वर्गात हमखास विचारतात, की ती खरंच पवित्र आहे असं दिग्दर्शकाला म्हणायचंय का?

याचं उत्तर शोधायची एक साधी पद्धत आहे. प्रभावळ दिसली की विचारा, हे कोण बघतंय? संताच्या चित्रात प्रभावळ चित्रकाराने काढलेली असते, बघणाऱ्या भाविकासाठी. इथेही तसंच आहे. हा उजेड तिच्याकडे भारावून बघणाऱ्यांच्या गोष्टीतला आहे. तीच गुम-जा एका दांडगट कैदी बाईला जेवणातून रोज थोडं थोडं ब्लीच घालून मारते आणि बाकीच्या बायकांची त्रासातून सुटका करते. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर उजेड नसतो, पण तिच्या नावाचा डंका तिथून वाढतो. भ्रमिष्ट झालेल्या म्हाताऱ्या उत्तर कोरियाच्या हेर बाईची ती सेवा करते, एकीला स्वतःची किडनी देते. यातलं खोटं काहीच नाही आणि निर्हेतुकही काही नाही. बाहेर आल्यावर प्रत्येकीकडून ती काही ना काही परत घेते. एकीच्या नवऱ्याकडून पिस्तूल घडवून घेते, तर दुसरीकरवी बेकपर्यंत पोचते.

तुरुंगाचा हा भाग काळाच्या उड्या मारत येतो आणि नावांचा गोंधळ उडतो. उडू द्या. कोण कधी आत आली याची यादी करत बसलात तर चेहरे निसटतील. एवढंच बघा की गुम-जाने त्या बाईसाठी काय केलं आणि ती बाई आता काय देते आहे.

लाल

बाहेर आल्यावर गुम-जा डोळ्यांवर लाल आयशॅडो लावायला लागते. कारण विचारल्यावर सांगते, मी मायाळू दिसू नये म्हणून. या सिनेमाचं मूळ कोरियन नावच मुळी 'मायाळू गुम-जा' अशा अर्थाचं आहे, तेव्हा हे उत्तर नावालाच दिलेलं आहे. रंगाच्या दृष्टीने बघा: लाल तिच्या डोळ्यांभोवती आहे, हातांवर नाही. रडून सुजलेल्या डोळ्यांनाही हाच रंग असतो. तिच्या भाड्याच्या खोलीच्या भिंतींवर भडक लाल नक्षी आहे आणि त्या खोलीत ती झोपते. या बाईचं सगळं लाल रक्त सांडण्याच्या आधीचं आहे.

पिस्तुलाचंही तेच. त्याला चांदीची नक्षी हवी असा तिचा आग्रह असतो, कारण सगळं काही सुंदर असलं पाहिजे. चित्रपटाच्या ठसठशीत शैलीवर जे टीका करतात, की खुनाला एवढं सजवायचं कशाला, त्यांनी हे वाक्य ऐकावं. सजवण्याची हौस त्या बाईची आहे. पूजेची उपकरणं घासूनपुसून लखलखीत ठेवावीत तसं तिने ते हत्यार करून घेतलं आहे, आणि ज्या कामासाठी केलं ते काम त्या पिस्तुलाने होतच नाही. बेक मेल्यावर ती त्याच्या प्रेतावर गोळ्या झाडते.

सगळ्यात जपून बघायचा प्रसंग

माझ्या मते हा सिनेमा शाळेतल्या हत्याकांडासाठी गाजला असला तरी त्याचा गाभा त्याच्या जरा आधी आहे. गुम-जाची मुलगी जेनी ऑस्ट्रेलियात दत्तक गेली होती. तिला फक्त इंग्रजी येतं. आईला फक्त कोरियन. मला टाकून का दिलंस, हे जेनीला विचारायचं आहे. दोन्ही भाषा येणारा माणूस तिथे एकच आहे, तो म्हणजे खुर्चीला बांधलेला बेक. तो इंग्रजीचा शिक्षक. गुम-जा त्याच्यावर पिस्तूल रोखते आणि त्याला दुभाषा करते.

हा प्रसंग दोनदा बघा. पहिल्यांदा सबटायटल वाचा. ती मुलीला सांगते की तू सुखाने वाढायला हवी होतीस, मी पाप केलं, पापाला प्रायश्चित्त असतं, मोठ्या पापाला मोठं, छोट्याला छोटं. दुसऱ्यांदा वाचू नका, फक्त तिघांचे चेहरे बघा. आई बोलते तेव्हा मुलगी आईकडे बघते, पण अर्थ तिला कळतो तो बेकच्या तोंडून. म्हणजे आईची क्षमायाचना मुलीच्या कानात त्या माणसाच्या आवाजात शिरते ज्याने दोघींना तोडलं. कॅथलिक परंपरेत पापाची कबुली धर्मगुरूपुढे द्यायची असते. तो मधला माणूस असतो. इथे त्या मधल्या जागी बेक बसलेला आहे. आणि भाषांतर तो नीट करतो. थरथरतो, पण शब्द चुकवत नाही.

इतकं भयंकर आणि इतकं कोवळं दृश्य मी क्वचित बघितलं आहे. ख्रिस्ती प्रतिमा शोधायला येणारे लोक क्रूस, मेणबत्त्या, देवदूत मोजत बसतात आणि हा प्रसंग 'भावनिक' म्हणून सोडून देतात. तसं करू नका.

शाळा

बेकच्या मोबाइलला लटकवलेल्या छोट्या वस्तूंमध्ये वोन-मोची गोटी सापडते आणि बाकीच्या वस्तू बाकीच्या मुलांच्या आहेत हे गुम-जाला कळतं. आपण 13 वर्षं जपलेला सूड आपल्या एकटीचा नाही, हे तिथे तिला उमगतं. मग ती त्या मुलांच्या घरच्यांना एका ओसाड शाळेत बोलावते. जुन्या खटल्याचा तपास करणारा पोलिस अधिकारीही तिथे आहे.

टेप चालू झाल्यावर नजर टीव्हीवर नका ठेवू, आईबापांवर ठेवा. दिग्दर्शकाचा कॅमेराही मुख्यतः तेच करतो. शाळकरी बाकांवर मोठी माणसं बसली आहेत. गुम-जा बाजूला उभी आहे, वर्गशिक्षिकेसारखी. नंतर चर्चा होते. पोलिसांकडे द्यायचा की इथेच निकाल लावायचा. लोक वाद घालतात, पैशांचा विषय निघतो, हात वर होतात. इथे सिनेमाची सगळी झगमग उतरलेली आहे. चांदीची नक्षी नाही, संगीताचा डौल नाही. माणसं प्लास्टिकचे रेनकोट घालून व्हरांड्यातल्या बाकावर ओळीने बसतात, हातात सुरे, कुऱ्हाड. नंबर येण्याची वाट बघतात.

ही रांगच नीट बघा. कोणाचा पाय हलतो, कोण शेजाऱ्याकडे बघत नाही, आत गेलेला बाहेर आल्यावर त्याच्याकडे कोण बघतं. एक आजी शांत बसून राहिलेली आहे. प्रत्यक्ष वार त्या मानाने फारच कमी दिसतात. आपल्याला दिसतं ते आधीचं आणि नंतरचं: जमिनीवर अंथरलेलं प्लास्टिक, त्यात साचलेलं रक्त, ते उचलून ओतून टाकणं. सूडाची कामं म्हणजे साफसफाईची कामं, हे मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात इतकं स्पष्ट बघितलेलं नाही. रक्ताचा लाल इथे आयशॅडोसारखा सुंदर नाही. तो मळकट आहे, त्याला निस्तरावं लागतं.

इथे मनाशी एक प्रश्न धरा, आणि घाईने उत्तर देऊ नका: हे लोक जे करतात ते तुम्हाला हवं होतं का? मला हवं होतं. टेप बघितल्यावर मला ते हवंच होतं, आणि रेनकोटातली ती रांग दिसल्यावर नको झालं. या दोन्ही गोष्टी प्रेक्षकाच्या मनात एकाच वेळी उभ्या राहाव्यात म्हणूनच इतका वेळ घेतलेला आहे. जो सूडपट यातली एकच गोष्ट देतो तो मला अर्धा वाटतो.

नंतर सगळे बेकरीत येऊन केक खातात. मेणबत्त्या लावतात, गेलेल्या मुलांसाठी वाढदिवसाचं गाणं म्हणतात. एकत्र बसून, एकाच ताटातलं वाटून खाणं. बघणाऱ्याला ख्रिस्ताचं शेवटचं जेवण आठवावं अशीच ही मांडणी आहे. आणि त्याच बैठकीत खंडणीचे पैसे परत मिळावेत म्हणून बँक खात्यांचे नंबर पुढे सरकवले जातात. याला ढोंग म्हणू नका. दुःखात बुडालेल्या माणसालाही पैसे लागतात, आणि दिग्दर्शक त्यांना पवित्र करून टाकत नाही म्हणून मला त्याच्याबद्दल आदर वाटतो.

शेवटचा केक

गुम-जाला मेलेला वोन-मो भासात दिसतो, मोठा झालेला. ती काही बोलायच्या आत तो तिचं तोंड बंद करतो. क्षमा मागायचीही मुभा नाही. सिनेमा इथे संपला असता तर तो नुसता कडवट झाला असता.

मग बर्फातल्या गल्लीत ती जेनीपुढे एक पांढरा केक धरते. आकाराने टोफूच्या ठोकळ्यासारखा. सुरुवातीची बशी आठवा. तेव्हा धर्मप्रचारक देत होता आणि ती नाकारत होती. आता तिने स्वतः केलेलं ती मुलीला देते आहे, स्वच्छ जग म्हणून. मुलगी चाखते आणि आईलाही खायला सांगते. गुम-जा त्या केकमध्ये तोंडच खुपसते. ते खाणं आहे, प्रायश्चित्त आहे की नुसतं हुंदका लपवणं, हे मी वर्गात कधीच सांगत नाही. निवेदन करणारा आवाज सांगतो की तिला हवं होतं ते तारण तिला लाभलं नाही. हा आवाज मोठ्या झालेल्या जेनीचा आहे. म्हणजे ही सगळी गोष्ट मुलीने आईबद्दल सांगितलेली आहे, आणि सांगणारीचं आईवर प्रेम आहे. दुसऱ्यांदा बघताना हे डोक्यात ठेवून पहिल्या मिनिटापासून ऐका. प्रभावळीचा प्रश्नही तेव्हा आणखी एका बाजूने उघडेल.

चारचौघांत बघणार असाल तर संपल्याबरोबर 'सूड योग्य की अयोग्य' असा वाद सुरू करू नका. तो वाद कुठल्याही सिनेमावर होतो आणि सगळे आपलं आधीचंच मत बोलून घरी जातात. त्याऐवजी प्रत्येकाला एक वस्तू विचारा: बशी, गोटी, पिस्तूल, रेनकोट, केक. ती कोणी कोणाच्या हातात दिली, एवढं आठवून सांगा म्हणावं. आठवताना लोक आपोआप बोलायला लागतात.

पार्क चान-वूकच्या सूडावरच्या तीन सिनेमांतला हा तिसरा. पहिला 2002 चा, दुसरा 2003 चा 'ओल्डबॉय', ज्याला 2004 मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री हे दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळालं. तिघांच्या कथा स्वतंत्र आहेत, त्यामुळे क्रम पाळलाच पाहिजे असं नाही. तरी 'ओल्डबॉय' आधी बघून घ्या. तिथे सूडात होरपळणारा नायक चोई मिन-सिकच आहे. त्याच्यासाठी जीव तुटलेला असताना त्याच माणसाला बेक म्हणून बांधलेलं बघणं फार अवघड जातं, आणि ते अवघड गेलंच पाहिजे.